मोठ्या क्लबांची पोरं खालच्या लीगमध्ये: फॅन्स नेमके कशावर भडकलेत

प्रश्न असा विचारलाय की इंग्लंडमध्ये खालच्या डिव्हिजनचे फॅन्स मोठ्या क्लबांच्या यू-२१ (२१ वर्षांखालच्या पोरांच्या) टीमवर एवढे का खवळतात, स्पेन-जर्मनीत बी टीम (मोठ्या क्लबांच्या दुसऱ्या टीम) वर्षानुवर्षं लीगमध्ये खेळतायत तिथं कुणाचं काही बिघडलं नाही, मग यांचंच काय दुखतंय. आणि दुसरा भाग, आपल्याकडे आयएसएल (इंडियन सुपर लीग) क्लबांच्या पोरांच्या टीम खालच्या लीगमध्ये घातल्या तर फायदा की तोटा.

मी मूळचा कोल्हापूरचा, गेली बरीच वर्षं इंग्लंडात मिडलँड्सकडे असतो, कोचिंगचं यूएफा बी लायसन्स आहे, एका लीग टू (इंग्लंडची चौथी पातळी) क्लबच्या अकॅडमीत पार्टटाइम यू-१६ आणि यू-१८ ची पोरं बघतो आणि शनिवारी त्याच क्लबच्या स्टँडात बसून रेफ्रीला शिव्या घालतो. त्यामुळे कोच म्हणून काय दिसतं आणि फॅन म्हणून काय खुपतं हे दोन्ही सांगू शकतो. क्लबचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही.

आधी एक गोष्ट क्लिअर करूया, पोरं खेळवायला कुणाचाच विरोध नाही. उलट खालच्या क्लबच्या फॅनला गावातलं पोरगं पहिल्या टीममध्ये आलं की जेवढा आनंद होतो तेवढा नवीन स्ट्रायकर विकत घेतला तरी होत नाही. ८० व्या मिनिटाला १७ वर्षांचं पोरगं सब म्हणून उतरतं, आख्खा स्टँड उभा राहतो, कारण मागच्या रांगेतल्या कुणाच्या तरी शेजारचं असतं ते. विरोध आहे तो दुसऱ्याच्या पोरांच्या शिक्षणासाठी आपली स्पर्धा वापरायला, आणि ती वापरताना आपल्याला कुणी न विचारता वापरायला. हा फरक वरच्या लोकांना इतकी वर्षं झाली तरी कळत नाही किंवा कळून घ्यायचा नाही.

राडा झाला तो ईएफएल ट्रॉफीवरून. तिसऱ्या आणि चौथ्या डिव्हिजनच्या क्लबांसाठी १९८३-८४ ला ही स्पर्धा सुरू झाली, स्पॉन्सर बदलला की नाव बदलतं, फ्रेट रोव्हर झालं, शेर्पा व्हॅन झालं, जॉन्स्टन्स पेंट, चेकाट्रेड, पापा जॉन्स आणि आता वर्टू. सुरुवातीच्या राउंडला आधीपासूनच गर्दी कमी असायची, उगाच खोटं कशाला सांगू, मंगळवारी रात्री थंडीत कोण येणार. पण त्या कपचं एक आमिष होतं ते म्हणजे वेम्बली, लंडनचं नॅशनल स्टेडियम, जिथं फायनल होते. एफए कप जिंकायची आमची लायकी नाही हे आम्हाला माहितीय, लीग कपचं तेच, पण हा एक कप असा होता की आपल्यासारखेच ४७ क्लब आणि नशीब असेल तर आयुष्यात एकदा वेम्बली. १९८८ च्या फायनलला वुल्व्ह्ज आणि बर्नली, दोन्ही तेव्हा चौथ्या डिव्हिजनला, तरी ८०,८४१ लोक आले होते. २००९ ला ल्युटनचे ३० पॉइंट कापलेले, टीम लीगच्या बाहेर फेकली जाणार हे सगळ्यांना दिसत होतं, त्या सीझनला त्यांनी हा कप जिंकला, फायनलमध्ये स्कंथॉर्पला ३-२ हरवून. ज्या क्लबचं दिवाळं निघायची वेळ आलेली त्याच्या लोकांना तो एक दिवस मिळाला. बाहेरच्याला हा कप फालतू वाटतो, ल्युटनच्या माणसाला सांगून बघा फालतू म्हणून.

आता यात मोठ्या क्लबांची पोरं आली कशी. २०१४ ला एफएचे (इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचे) चेअरमन ग्रेग डाइक यांच्या कमिशनने एक प्रस्ताव आणला, लीग टू आणि त्याखालच्या कॉन्फरन्सच्या मध्ये एक नवीन डिव्हिजन घालायचं, लीग थ्री, त्यात प्रीमियर लीग क्लबांच्या १० बी टीम आणि कॉन्फरन्समधले १० क्लब. कारण काय तर इंग्लंडची नॅशनल टीम सुधारायची, २०२२ चा वर्ल्ड कप जिंकायचा. म्हणजे एखादा कॉन्फरन्सचा क्लब, शंभर वर्षं जुना, स्वतःच्या घामाने वर चढायला बघतोय, आणि त्याच्या डोक्यावर १० टीम आणून ठेवायच्या ज्यांनी ती जागा खेळून कमावलेलीच नाही. एवढा बोंबाबोंब झाला की ते बारगळलं. फॅन्सच्या ग्रुपनी 'अगेन्स्ट लीग थ्री' म्हणून कॅम्पेन चालवलं. आणि मग २०१६ ला हीच कल्पना मागच्या दाराने ट्रॉफीत आली, ४८ क्लबांच्या जोडीला १६ कॅटेगरी वन (सगळ्यात वरच्या दर्जाच्या) अकॅडमी, एकूण ६४, ग्रुप स्टेज वगैरे. क्लबांनी मत देऊन मंजूर केलं, कारण प्रीमियर लीगचा पैसा सोबत येत होता आणि लीग टूच्या चेअरमनला पैशाला नाही म्हणणं परवडत नाही. तिकीट काढणाऱ्या माणसाला कुणी विचारलं नाही. गंमत म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला ते आर्सेनल, लिव्हरपूल, दोन्ही मँचेस्टर, टॉटनहॅम हे पहिल्या वर्षी आलेच नाहीत, मग जागा भरायला चॅम्पियनशिपच्या (दुसऱ्या पातळीच्या) क्लबांच्या अकॅडमी बोलावल्या.

पहिल्या सीझनला जे झालं ते वाचून हसावं की रडावं कळत नाही. नियम असा की लीग क्लबने स्ट्राँग टीम उतरवलीच पाहिजे, म्हणजे ठरावीक नेहमीचे खेळाडू सुरुवातीला मैदानात हवेतच, नाहीतर दंड. अकॅडमीच्या पोरांना तगडं ऑपोझिशन मिळावं हा हेतू. त्यात १२ क्लबांना मिळून ६०,००० पौंडांचा दंड झाला, ल्युटन आणि पोर्ट्समथला १५,०००-१५,०००. ल्युटनने काय गुन्हा केला तर स्वतःच्या अकॅडमीची पोरं खेळवली! स्पर्धा इंग्लिश तरुण खेळाडू घडवण्यासाठी, आणि तरुण इंग्लिश खेळाडू खेळवले म्हणून दंड, कारण ते मोठ्या क्लबचे नव्हते. वर आणि ती 'कमकुवत' टीम त्या सीझनला सेमीफायनलपर्यंत गेली. ब्रॅडफर्डने तर बरीविरुद्ध नेहमीचा गोलकीपर कॉलिन डॉइल उतरवला, नियम पाळला, आणि तिसऱ्या मिनिटाला बाहेर काढला. ब्रॅडफर्डच्या फॅन्सनी टाळ्या वाजवल्या असतील तर त्यात नवल नाही. नंतर तो नियम सैल केला, पण तोपर्यंत लोकांचं मन उडालं होतं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये फ्लीटवुडला ब्लॅकबर्नच्या पोरांविरुद्धच्या मॅचला ३९२ माणसं होती. ३९२! आपल्याकडे शाळेच्या इंटरस्कूल फायनलला जास्त असतात.

बायकॉट चालू झाला, 'बी टीम बायकॉट' नावाने, आणि तो खरोखरच फॅन्सनी पाळला, निदान सुरुवातीच्या राउंडना. आमच्या स्टँडात माझ्यापुढे एक आजोबा बसतात, सत्तरी पार केलेले, घरची एकही मॅच न चुकवणारे, ते ट्रॉफीच्या ग्रुप मॅचला येत नाहीत म्हणजे येत नाहीत, २०१६ पासून. पाच पौंडाचं तिकीट केलं तरी नाही. त्यांचं म्हणणं सरळ आहे, मी आलो की ते आकडा दाखवणार आणि म्हणणार बघा लोकांना आवडतंय. दुसऱ्या बाजूला माझ्याच ओळखीचा एक बाप आहे, दोन लहान पोरी आहेत त्याला, शनिवारचं तिकीट परवडत नाही म्हणून तो मुद्दाम या स्वस्तातल्या मॅचला पोरींना घेऊन येतो, पुढच्या रांगेत बसतो, पोरींना आर्सेनलची जर्सी जवळून बघायला मिळते. त्याला तुम्ही गद्दार म्हणणार का, मी तरी नाही म्हणणार. म्हणजे फॅन्सचं एकमत आहे असं समजू नका.

आणि वेम्बली आली की बायकॉट वितळतो हेही खरंय. त्याच पहिल्या सीझनच्या फायनलला कॉव्हेंट्री-ऑक्सफर्ड मॅचला ७४,४३४ लोक. कॉव्हेंट्री त्या वर्षी लीग टूला घसरली, मालकांविरुद्ध आंदोलनं चालू, आणि तरी शहर रिकामं करून लोक लंडनला गेले. पोर्ट्समथला २०१६ ला दंड झालेला, २०१९ ला त्यांनी संडरलँडला पेनल्टीवर हरवून तोच कप उचलला, ८५,०२१ लोकांसमोर. याचा अर्थ काही जण असा लावतात की बघा, फॅन्सचा विरोध नाटकी आहे. मला उलटं वाटतं. फायनलमध्ये दोन खरे क्लब होते म्हणून लोक आले. २०१८ ला चेल्सीची पोरं सेमीफायनलला पोचलेली, लिंकनने घरच्या मैदानावर पेनल्टीवर हरवलं त्यांना, तेव्हा लिंकनशी काही संबंध नसलेल्या शहरांतल्या लोकांनीसुद्धा सुटकेचा श्वास सोडला. विचार करा, अर्धं वेम्बली चेल्सीच्या यू-२१ साठी भरायचं, कोण भरणार होतं?

आता कोच म्हणून बोलतो, कारण अकॅडमीवाल्यांचा मुद्दाही पोकळ नाही. मोठ्या क्लबांची यू-२१ लीग बघितली असेल तर कळेल, टेक्निक एकदम भारी, पण कुणाचं काही पणाला लागलेलं नसतं. दोन्ही टीम मागून पासिंग करत बाहेर येणार, सेंटर हाफला बॉल घेऊन मान वर करून बघायला तीन-तीन सेकंद मिळणार, लाँग थ्रो नाही, डोक्यावरून बॉल नाही, हरले तरी सोमवारी ट्रेनिंग तेच आणि पगार तोच. लीग टूमध्ये अर्धी टीम एक वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर असते. लीगमधून खाली गेलं की किटवाल्यापासून फिजिओपर्यंत लोकांच्या नोकऱ्या जातात. तिथला ३४ वर्षांचा सेंटर फॉरवर्ड कॉर्नरला काय करतो, १८ वर्षांच्या कीपरच्या पुढ्यात पाठ करून उभा राहतो, रेफ्री दुसरीकडे बघत असताना टाच त्याच्या बोटांवर ठेवतो, हात मागे नेऊन शॉर्ट्सचं कापड चिमटीत धरतो, आणि बॉल क्रॉसबारखाली वळून येतो तेव्हा तो कीपर जागेवरून हलूच शकत नाही. गोल. पोरगं बेंचकडे बघतं, फाउल होता ना सर, असा चेहरा. फाउल होताच, पण कुणी दिला नाही. पुढच्या कॉर्नरला तोच कीपर सहा यार्डात आल्या आल्या कोपर बाहेर काढून स्वतःची जागा करतो, मूठ मारून बॉल पेनल्टी एरियाबाहेर. हे त्याला जगातला कुठलाही कोच व्हिडिओवर शिकवू शकत नाही, मी पण नाही. एवढं मान्य.

पण खरी गोम इथंच आहे, आणि माझं सगळं म्हणणं याच मुद्द्यावर आहे. अकॅडमी खाली येते कशासाठी, तर हे सगळं मिळावं म्हणून, म्हणजे गर्दी, टेन्शन, समोरच्याचा राग, हरलो तर वाट लागेल ही भीती. आणि ती आली की नेमकं हेच निघून जातं. कोल्हापूरच्या माणसाला सांगायचं तर तालमीत वस्तादाशी जोर करणं वेगळं आणि खासबागेत इनामाची कुस्ती वेगळी, मैदान भरलेलं नसेल तर खासबागेच्या मातीतसुद्धा फक्त जोरच होतात. मी ग्रुप मॅच बघितल्यात, चारपैकी एकच स्टँड उघडलेला असतो, बाकी तीन बाजूंना कुलूप. कोचचं ओरडणं दुसऱ्या टोकाला ऐकू येतं, ट्रायपॉडवर कॅमेरा लावून अकॅडमीचे दोन ॲनालिस्ट बसलेले, लॅपटॉप घेऊन स्काउट, पाहुण्या टीमचे प्रेक्षक म्हणजे पोरांचे आईबाप आणि एजंट. आणि तो ३४ वर्षांचा सेंटर फॉरवर्ड? तो त्या दिवशी खेळतच नाही, शनिवारसाठी त्याला आराम दिलेला असतो. नियमापुरते चार नेहमीचे उतरवायचे, बाकी बेंचवरचे. म्हणजे तुमच्या यू-२१ विरुद्ध आमची रिझर्व्ह, रिकाम्या मैदानात. हे तर पूर्वी रिझर्व्ह लीगमध्ये पण होतं की, त्यासाठी आमचा कप कशाला मोडायचा.

ज्या पोराला खरोखर ते शिक्षण हवंय त्याच्यासाठी लोन आहे, म्हणजे काही महिने दुसऱ्या क्लबला उसना जाऊन खेळणं. १७ वर्षांचा हॅरी केन जानेवारी २०११ मध्ये लेटन ओरिएंटला गेला, लीग वनला (तिसरी पातळी), १८ मॅच, ५ गोल, मग मिलवॉल. तिथं तो ओरिएंटचा खेळाडू होता, ओरिएंटच्या फॅन्ससाठी खेळत होता, हरला तर ओरिएंटचे पॉइंट जात होते. लोनवर आलेल्या पोराला फॅन्स डोक्यावर घेतात, कारण सहा महिने का होईना तो आपला असतो, बसस्टॉपवर भेटला तर हाक मारतात. बी टीममध्ये मोठ्या क्लबला सगळं स्वतःच्या हातात ठेवता येतं, कोच त्यांचा, सिस्टिम त्यांची, मिनिटं त्यांनी ठरवायची. म्हणून त्यांना ते आवडतं. आमच्या मॅनेजरने त्यांच्या लाडक्या पोराला बेंचवर बसवलं तर त्यांना राग येतो, पण बेंचवर बसणं हा पण शिक्षणाचाच भाग आहे ना भावा.

आता स्पेन-जर्मनीचं. 'तिथं कुणाचं काही बिघडत नाही' हे साफ चुकीचं आहे, फक्त तिथं पद्धत जुनी आहे त्यामुळे लोक त्यात वाढलेत. स्पेनमध्ये १९८० ला कास्तिया, म्हणजे रेआल माद्रिदची बी टीम, कोपा देल रे या स्पेनच्या मुख्य कपच्या फायनलला पोचली आणि समोर कोण तर रेआल माद्रिदच, ६-१. पुढे १९९० नंतर बी टीमना त्या कपात बंदीच घातली. १९८३-८४ ला दुसऱ्या डिव्हिजनला पहिला नंबर कास्तिया आणि दुसरा बिल्बाओची बी टीम, दोघांनाही वर जाता येईना, कारण आई क्लब वर आहे. याचं उलटं पण होतं, २०१२ ला व्हिलारेआल पहिल्या डिव्हिजनमधून खाली पडली आणि त्यांची बी टीम दुसऱ्या डिव्हिजनमध्ये व्यवस्थित खेळत असताना तिला जबरदस्तीने तिसऱ्यात ढकललं. काय चूक होती त्या पोरांची? जर्मनीत बायर्नच्या दुसऱ्या टीमने २०१९-२० ला ड्रिट्टे लीगा (तिसरी पातळी) जिंकली, वर जायची परवानगी नाही, आणि पुढच्याच सीझनला तीच टीम खाली घसरली, कारण चांगली पोरं वर निघून गेली. हॉलंडमध्ये योंग आयाक्स २०१७-१८ ला दुसऱ्या डिव्हिजनचा चॅम्पियन, पण वर गेली दुसऱ्या नंबरची फोर्टुना सिटार्ड.

म्हणजे प्रत्येक ठिकाणी तीच कटकट. ही टीम वर जाऊ शकत नाही, तिला मनापासून जिंकायची गरज नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती दर आठवड्याला तीच टीम नसते. तुमच्याविरुद्ध एखाद्या सोमवारी पहिल्या टीममधला दुखापतीतून सावरणारा इंटरनॅशनल खेळाडू मॅच फिटनेससाठी उतरतो आणि दोन गोल मारतो, पुढच्या आठवड्यात तुमच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध १७ वर्षांची पोरं. शेवटी तुम्ही दोन पॉइंटने खाली जाता. टेबल बघून फॅन काय म्हणणार? आणि समोरून पाहुणे फॅन्स येत नाहीत म्हणजे गेटचा पैसा नाही, बारमध्ये पैसा नाही, छोट्या क्लबचं गणित त्यावरच चालतं. अपवाद आहेत, बायर्नच्या दुसऱ्या टीमला ग्रुनवाल्डर स्टेडियमवर स्वतःचे पक्के फॅन्स आहेत, डॉर्टमुंडच्या दुसऱ्या टीमला पण. ते बघायला भारी वाटतं. पण असे किती.

पैशाचा एक जुना हिशोब पण या रागामागे आहे, तो कळल्याशिवाय हा विषय कळत नाही. २०१२ ला इंग्लंडमध्ये ईपीपीपी म्हणून अकॅडमीची नवीन पद्धत आली. आधी मोठ्या क्लबने छोट्या क्लबचं पोरगं उचललं की ट्रिब्युनल किंमत ठरवायचं, आता ठरावीक दर, ९ ते ११ वयाच्या प्रत्येक वर्षाला ३,००० पौंड, त्यापुढे अकॅडमीच्या कॅटेगरीप्रमाणे. पोरगं नंतर काही कोटींचं झालं तर बोनस वगैरे मिळतात, पण सुरुवातीला हातात पडतं ते इतकं कमी की ब्रेंटफर्डने २०१६ ला वैतागून अकॅडमीच बंद केली, त्यांची दोन पोरं दोन्ही मँचेस्टरवाल्यांनी साधारण ३०,००० पौंडांना एक अशी नेलेली. आता फॅनच्या जागी उभं राहून बघा. आमच्या गावातला १४ वर्षांचा मुलगा स्वस्तात नेला, आणि चार वर्षांनी तोच मुलगा त्यांची जर्सी घालून आमच्याच मैदानावर 'अनुभव' घ्यायला आला. आम्हीच घडवायचा, आम्हीच स्वस्तात द्यायचा आणि पुढचा सरावही आम्हीच द्यायचा. आमच्या यू-१६ मधला कुणी गेला की मला त्या पोराचा आनंदच होतो, आईबापाला मी कधी जाऊ नका म्हणत नाही, पण स्टँडात बसलेल्या माणसाची चीड मला कळते.

बरं, नॅशनल टीमसाठी हे लागतंच का? २०१७ चा यू-१७ वर्ल्ड कप आपल्याकडेच झाला, नवी मुंबईत पण मॅचेस होत्या, स्पेनने मालीला सेमीफायनलला डी. वाय. पाटीलवरच हरवलं. फायनल कोलकात्याला, स्पेन २-० पुढे, आणि इंग्लंडने ५-२ ने जिंकली. फोडेन, ब्रूस्टर ही पोरं. बी टीमवाला देश हरला, बिनबीटीमवाला जिंकला. एका मॅचवरून सिद्धांत मांडता येत नाही हे मलाही कळतं, पण २०१४ ला जे सांगत होते की लीग थ्री नाही तर इंग्लंड संपलं, त्यानंतर इंग्लंड २०१८ ला वर्ल्ड कप सेमीफायनल आणि पुढच्या युरोची फायनल खेळलं, लीग थ्रीशिवाय. फरक पडला तो चांगल्या ग्राउंडमुळे, फुलटाइम कोचेसमुळे, लहान वयात जास्त तास बॉलवर घालवल्यामुळे. ट्रॉफीतल्या मंगळवारच्या तीन मॅचेसमुळे नाही.

तरी ही मागणी थांबत नाही. स्कॉटलंडमध्ये २०२१ ला सेल्टिक आणि रेंजर्सच्या बी टीम पाचव्या पातळीच्या लोलँड लीगमध्ये आल्या, प्रत्येकी २५,००० पौंड भरून. म्हणजे इतरांना जिथं पोचायला खेळून जिंकावं लागतं तिथं यांनी तिकीट काढून प्रवेश घेतला. मग २०२३ ला त्यांच्यासाठी वेगळी कॉन्फरन्स लीग काढायचा प्रस्ताव आला, फॅन्सनी आणि छोट्या क्लबांनी एवढा विरोध केला की मागे घ्यावा लागला. इंग्लंडमध्ये २०२४-२५ पासून नॅशनल लीग कप सुरू झालाय, पाचव्या पातळीचे १६ क्लब आणि प्रीमियर लीगवाल्यांच्या १६ यू-२१ टीम. आमचे आजोबा म्हणतात, बोललो होतो ना, आज कप उद्या लीग. मला ते थोडं जास्त वाटतं, पण त्यांना खोटं ठरवायला माझ्याकडे फार काही नाही.

आता आपल्याकडचं. इंडियन ॲरोज आठवत असेल, यू-१७ वर्ल्ड कपच्या पोरांना एकत्र ठेवायला फेडरेशनने २०१७ ला आय-लीगमध्ये परत उतरवलेली टीम, आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव पण त्यात होता. पोरांना मॅचेस मिळाल्या, त्यातले बरेच जण पुढे आयएसएलला चमकले, हा फायदा नाकारण्यात अर्थ नाही, कारण आपल्याकडे तेव्हा त्या वयाला दुसरं खेळायला होतंच काय. पण त्या सीझनला ॲरोज तळाला राहिली आणि त्यांना रेलिगेशन (तळाला राहिलं की खालच्या लीगमध्ये जाणं) लागू नव्हतं, त्यामुळे कुऱ्हाड वरच्या जागेवर, म्हणजे चर्चिल ब्रदर्सवर आली. नंतर त्यांना ठेवून घेतलं तो भाग वेगळा. गोव्याच्या माणसाला विचारा त्याला कसं वाटलं असेल. आय-लीगच्या सेकंड डिव्हिजनमध्ये आयएसएलच्या रिझर्व्ह टीम होत्या त्यांना प्रमोशन नव्हतं, म्हणजे पुन्हा तेच. गोवा प्रोफेशनल लीग २०१८-१९ ला एफसी गोवाच्या डेव्हलपमेंट टीमने जिंकली, ज्या लीगमध्ये साळगावकर, धेंपो, स्पोर्टिंग असे गावागावाशी नातं असलेले क्लब आहेत.

आणि तरीही माझं मत इंग्लंडसाठी जे आहे तेच्या तेच भारतासाठी नाही. इंग्लंडमध्ये चौथ्या-पाचव्या पातळीवर पण दर शनिवारी हजारो लोक येतात, तिथं बी टीम घालणं म्हणजे भरलेल्या घरात घुसणं आहे. आपल्याकडे बऱ्याच राज्यांच्या लीगमध्ये क्लबच कमी, सीझन दोन-तीन महिन्यांचा, १९ वर्षांचा पोरगा वर्षाचे आठ महिने रिकामा. तिथं आयएसएल क्लबची पोरं आली, त्यांच्यामुळे मॅचेस वाढल्या, ग्राउंड चांगलं मिळालं तर मी विरोध करणार नाही. कोलकात्यात मोहन बागान, ईस्ट बंगाल लोकल लीगला पोरंच उतरवतात बहुतेक आणि तरी लोक येतात, कारण ती जर्सी तिथलीच आहे. कोल्हापुरात तर तालमींच्या 'अ' आणि 'ब' टीम आपण लहानपणापासून बघतोय, ब टीमला पण पेठ मागे असते, पोरगं त्याच गल्लीतलं असतं, शाहू स्टेडियमवर हलगी त्याच्यासाठी पण वाजते. त्यामुळे टीम बी आहे की सी हा मुद्दा नाही, तिच्या हरण्या-जिंकण्याने कुणाचं काही अडतं का हा आहे. मुंबईतल्या एखाद्या मोठ्या क्लबची रिझर्व्ह टीम उद्या कोल्हापूरच्या सीनियर गटात घातली तर पेठेतले लोक काय करतील ते मी इथं लिहीत नाही.

आपल्याकडे असं काही करायचंच असेल तर माझ्या अटी अशा आहेत. सीझनच्या आधी खेळाडूंची यादी फिक्स, पहिल्या टीममधला माणूस एका मॅचपुरता खाली आणायचा नाही. शेवटी राहिले तर खाली जायचं, पैसे भरून किंवा पत्र आणून वाचायचं नाही. निम्मी तरी पोरं त्याच राज्यातली. घरच्या मॅचेस एकाच गावात, म्हणजे दोन-तीन वर्षांत तिथली शाळकरी पोरं तरी ओळखायला लागतील. आणि कुठल्या स्थानिक क्लबचं पोरगं उचललं तर त्या क्लबला लेखी ठरलेला पैसा, पुढच्या विक्रीतल्या हिश्श्यासकट. आणि हे सगळं ठरवताना ज्या क्लबच्या मॅचला दोनशे माणसं येतात त्याचा सेक्रेटरी पहिल्या मीटिंगला खुर्चीवर असला पाहिजे, निर्णय झाल्यावर त्याला व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवायची नाही.